सुभद्राआत्याचा भिंतीवरचा फोटो

माणसाने भिंतीवर लावायचा आपला फोटो जिवंतपणीच काढून, पसंत करून, फ्रेम करून ठेवावा, असे आमच्या सुभद्राआत्याचे मत आहे. आत्याचे मत म्हणजे आमच्या घराण्यात निकाल असतो. त्यावर अपील नाही.

या मतामागे आतोबा आहेत. आतोबा म्हणजे आत्याचे यजमान. ते गेले त्याला बरीच वर्षे झाली. गेले तेव्हा लक्षात आले, की या भल्या माणसाचा आयुष्यात एकट्याचा असा एकही फोटो नाही. शेवटी कुणाच्या तरी लग्नातल्या घोळक्यातून त्यांना कापून काढले, मोठे केले आणि पातूरच्या घरी भिंतीवर लावले. फोटोत आतोबा छान दिसतात. फक्त त्यांच्या खांद्यावर एक हात आहे. नुसता हात! मनगटावर घड्याळ आहे आणि घड्याळाच्या पलीकडे माणूस नाही. घरात पाऊल टाकणारा प्रत्येक जण आधी आतोबांना नमस्कार करतो आणि मग विचारतो, "हा हात कोणाचा?"

"असन कोनाचा तरी," आत्या म्हणते. "तुमाले चाय घ्याची का?"

त्यातून फ्रेम पडली लहान. हार घातला की आतोबांचे तोंड झाकले जाते आणि हात तेवढा बाहेर राहतो. दर श्राद्धाला आम्ही सगळे मोठ्या भक्तिभावाने त्या हाताला नमस्कार करतो. असे आपले होऊ नये, एवढीच आत्याची इच्छा होती. ती पुरी करण्याचे काम तिने माझ्यावर सोपवले, ही तिच्या आयुष्यातली दुसरी दुर्दैवाची गोष्ट.

मी अमरावतीला एका शाळेत चित्रकला शिकवत होतो. निवृत्त झालो तेव्हा सहकाऱ्यांनी मला कॅमेरा भेट दिला. (शाल आणि नारळ मला पुरला असता.) तेव्हापासून मी फोटो काढतो. मुख्यतः कावळ्यांचे, कारण बायकोने माझ्यासमोर उभे राहायला साफ नकार दिला आहे. कावळ्याचा फोटो दाखवताना मला हा कावळा आहे हे आधी सांगावे लागते, पण हळूहळू हात बसेल असे मला वाटते.

तर यंदा वैशाखात आत्या अमरावतीला आली. पातूरजवळ तिचे वावर, म्हणजे शेत आहे, फुलांचे. ऐंशीच्या घरात असूनही पहाटे तोडणीला ती स्वतः उभी असते आणि तिची फुले अकोल्याच्या बाजारात जातात. ती चार दिवस कुठे जाते ती याच दिवसांत, उन्हाने फुले कमी झाली की. बसमधून उतरली तेव्हा एका हातात पिशवी होती आणि दुसऱ्या हातात ओल्या फडक्यात बांधलेले मोगऱ्या-झेंडूचे गाठोडे. गाठोडे मी घ्यायला गेलो तर म्हणाली, "राहू दे मधू, तू पाडशीन." माझ्याबद्दलचे तिचे अंदाज सहसा चुकत नाहीत.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या देशमुख वहिनी नातवाला घेऊन आल्या. नातू सहा महिन्यांचा. त्याचे दर महिन्याला एकेका थीमवर फोटो काढतात. वहिनींनी मोबाइल आत्यापुढे धरला. एका महिन्यात तो मोरपीस लावलेला कृष्ण होता, एका महिन्यात शेतकरी, एका महिन्यात वैमानिक. एका महिन्यात तर त्याला वांग्यांच्या ढिगात निजवले होते. आत्याने सगळे फोटो एकदा सरळ आणि एकदा उलट क्रमाने पाहिले.

"यानं केलं काय?" तिने विचारले.

"कोनं?" वहिनी गोंधळल्या.

"या पोट्ट्यानं. आतालोक याच्या हातून झालं काय?"

"आता पालथा पडते न, आत्या," वहिनी कौतुकाने म्हणाल्या.

वहिनी गेल्यावर आत्या माझ्याकडे वळली. "मधू, तो पालथा पडला त त्याचे इतके फोटू. मी सारा जलम वावरात उभी हावो, त माहा एक नाई. काहाड तुहा क्यामेरा."

"काढतो ना आत्या. बस अशी."

"अशी कशी बसू? मलेबी थीम पायजे." आणि तिने जागच्या जागी तीन थीम सांगितल्या. एक फुलवाली, एक मास्तरीण आणि एक राणी. "तिघीतून जे पसंत पडन ते भिंतीवर. परवाच्या गाडीनं मी जाईन. त्याच्या आत झालं पायजे. अन् हार घातल्यावर तोंड झाकलं नाई पायजे, हे ध्यानात ठेवजो."

मी होकार दिला. निर्मला, म्हणजे माझी बायको, स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून हे ऐकत होती. ती म्हणाली, "आत्या, कावळे पाह्यले का तुमी यांचे?" मी विषय बदलला.

फुलवाली दुसऱ्या दिवशी सकाळी करायचे ठरले. गच्चीवर आत्याला टोपली घेऊन बसवले, टोपलीत तिचीच फुले रचली आणि मी कॅमेरा डोळ्याला लावला. तेवढ्यात वावटळ उठली. वैशाखात आमच्याकडे वावटळ उठते हे मला जन्मापासून माहीत आहे, पण ती नेमकी माझ्या गच्चीवर येईल असे वाटले नव्हते. धूळ, पालापाचोळा आणि एक प्लास्टिकची पिशवी एवढ्या पाहुण्यांसह ती आली आणि टोपलीतली सगळी फुले घेऊन देशमुखांच्या घरावर गेली. देशमुखांच्या कूलरमधून दोन दिवस मोगऱ्याचा वास येत होता. वहिनींनी त्याबद्दल माझे आभारही मानले.

पहिल्या फोटोत नुसता पदर आला. दुसऱ्यात पदर आणि एक कान. तिसऱ्यात आत्या दिसते, पण डोळ्यांत धूळ गेल्यामुळे ती मला शिव्याशाप देत असल्यासारखी दिसते. (देतच होती.)

दुपारी मास्तरीण घरात करू असे मी सुचवले. घरात वारा नसतो. टेबल मांडले, त्यावर शाळेतून आणलेला पृथ्वीचा गोल ठेवला, निर्मलाचा चष्मा आत्याला चढवला, हातात पट्टी दिली. बाहेर आभाळ भरून आले होते, घरात अंधार दाटला होता आणि शिरस्त्याप्रमाणे लाइट गेली होती. आत्या खुर्चीवर बसली. गोलावरून हात फिरवत राहिली.

"चौथीतून काहाडलं मले आबानं," ती म्हणाली. "वावरात हात कमी पडत होते. मंग तुह्या बापाले शाळेत ठेवलं, अन् मले निंदनाले. तो मास्तर झाला, मंग तू मास्तर झाला. चांगलं झालं बावा."

तिने हे कुरकुर म्हणून सांगितले नाही. आजचा मोगरा बरा निघाला, अशा सुरात सांगितले. आमच्या घरातल्या सगळ्या शाळा, सगळे पगार, माझा कॅमेरासुद्धा, त्या चौथीच्या वर्गातून उठून गेलेल्या पोरीमुळे होता. हा एक फोटो तरी देवा चांगला येऊ दे, असे मी मनात म्हटले आणि अंधार म्हणून फ्लॅश लावला.

चष्म्याच्या काचा चमकल्या. फोटोत आत्याच्या डोळ्यांच्या जागी दोन पांढरे दिवे आले.

"हे मास्तरीन नाई," आत्या फोटो पाहून म्हणाली. "हे घुबड हाय."

आता उरली राणी. आत्याची गाडी दुसऱ्या दिवशी संध्याकाळची. सकाळी मी कोपऱ्यावरच्या बबनरावांकडे गेलो. त्यांचा मंडप-डेकोरेशनचा धंदा आहे आणि लग्नात नवरा-नवरीला बसवायचे लाल मखमलीचे, दोन्ही हातांवर सोनेरी सिंह असलेले सिंहासन त्यांच्याकडे आहे. "उद्या लग्न आहे यावर," बबनराव म्हणाले. "एक डाग नाई पडला पायजे, सर." मी शब्द दिला. मग आम्ही दोघांनी ते सिंहासन जिन्यातून वर न्यायला घेतले. जिन्याच्या वळणावर ते अडकले. खाली बबनराव, वर मी आणि मध्ये दोन सिंह, अशा अवस्थेत आम्ही बराच वेळ होतो. निर्मलाला वर जायचे होते, तिला सिंहांच्या मधून जावे लागले.

गच्चीवर तिने कुरडया वाळत घातल्या होत्या. "अहो, हवा पाहा कशी कोंडली आहे," ती म्हणाली. "पाणी येते. आधी माझ्या कुरडया आत घेऊ द्या, मग चढवा कोणाला चढवायचं ते."

"वैशाखात कोनचा पानी आला व बाई?" आत्या म्हणाली. "इतकी वर्सं वावर केलं म्या."

मी मोबाइल काढून दाखवला. त्यात अमरावतीवर एक हसरा पिवळा सूर्य होता. शेती आणि विज्ञान दोन्ही एका बाजूला पाहून निर्मलाने युक्तिवाद सोडला, हाताला लागल्या तेवढ्या कुरडया टोपलीत घेतल्या आणि ती खाली निघून गेली. उरलेल्या कुरडया, त्यांचे प्लास्टिक आणि त्यावर वजनाला ठेवलेली पितळी परात गच्चीवर राहिली. बबनराव कधीच गेले होते.

आत्या सिंहासनावर बसली. हिरवे नऊवारी, नाकात निर्मलाची नथ, डोक्यावरून पदर. मुकुट तिने नाकारला. "हातात मात्र काहीतरी लागते रानीच्या," म्हणाली आणि माझ्या कुंड्यांतले खुरपे उचलून राजदंडासारखे उभे धरले. मी मागे सरकत सरकत कठड्यापर्यंत गेलो, कॅमेरा डोळ्याला लावला आणि तिच्या पाठीमागे पाहिले.

बडनेऱ्याकडून आभाळ येत होते. येत होते म्हणजे अक्षरशः चालून येत होते. खाली तांबूस, मध्ये जांभळे आणि वर काळेकुट्ट, कडेला एक हिरवट पट्टा. एखाद्या पोराने चित्रकलेच्या तासाला असे आभाळ रंगवले असते, तर मी त्याला असे आभाळ नसते म्हणून परत रंगवायला लावले असते. मी कॅमेरा खाली घेऊन नुसता बघत उभा राहिलो. सगळी अमरावती त्याच्याखाली एवढीशी दिसत होती.

"काय पाहून राहिला?" आत्या म्हणाली.

"आत्या, मागे बघ."

तिने मागे पाहिले. "अवो बाप्पा," ती हळूच म्हणाली. "हे त येते."

आणि आले! वाऱ्याचा पहिला तडाखा जिन्याच्या दाराला बसला. दार धाडकन लागले आणि आतली कडी आपोआप पडली. दुसऱ्या तडाख्यात निर्मलाच्या कुरडया उठल्या आणि गल्लीवरून उडत गेल्या. उन्हासाठी वर आणलेली छत्री मी उघडली, ती उलटी झाली आणि कुरडयांच्या मागे गेली. मी दार ठोठावले, निर्मलाला हाका मारल्या, पण खालच्या पत्र्यांचा आवाज एवढा होता, की माझ्या हाका मलाच ऐकू येत नव्हत्या. मग पहिली गार पडली. ती परातीवर पडली, आणि देवळातली घंटा वाजावी तसा आवाज झाला. पाठोपाठ बोराएवढ्या गारांचा मारा सुरू झाला.

आत्या उठली, परात उचलली, कुरडयांचा चुरा झटकला, परात डोक्यावर घेतली आणि पुन्हा सिंहासनावर जाऊन बसली. गच्चीवर दुसरा आडोसा नव्हता. मी कुरडयांचे प्लास्टिक अंगावर ओढले आणि तिच्या पायाशी बसकण मारली. बसकण मारली हे सभ्य शब्दांत झाले. मी तिथे लोळण घेतली होती. पाठीवर गारा ताशा बडवत होत्या, वारा प्लास्टिक ओढून नेत होता, म्हणून हाताला जे पहिले लागले ते मी घट्ट धरले.

"आत्या, आपण मरतो आता!" मी ओरडलो.

"मरनार त हावोच एक दिवस," वरून आवाज आला. "त्याच्याचसाठी त बसली न मी अथी. फोटू काहाड!"

मी प्लास्टिकमधून कॅमेरा बाहेर काढला आणि वर पाहिले.

मला तेव्हा जे दिसले ते नीट सांगता येणार नाही, पण सांगतो. पाठीमागे ते काळे-जांभळे आभाळ. त्याच्यापुढे लाल सिंहासन. डोक्यावरच्या परातीवरून गारा चारी बाजूंनी उडत होत्या, आणि त्यांच्या मधोमध आमची आत्या खदखदा हसत होती. राहिलेले सगळे दात दाखवून, नथ हलवत, खुरपे उंच धरून. तिला कसलीच भीती नव्हती. साठ वर्षे मी तिला पाहत आलो, पण ती एवढी मोठी आहे हे मला कधी दिसले नव्हते. त्या आभाळापेक्षा मला तिचीच जास्त जरब वाटली. तेवढ्यात वीज चमकली, मी बटण दाबले आणि कॅमेऱ्याने प्राण सोडला. (विजा चमकत असताना पितळेच्या परातीखाली बसू नये, हे मला शाळेतल्या विज्ञानाच्या मास्तरांनी नंतर सांगितले.)

गारा आल्या तशा थांबल्या. गच्ची पांढरी झाली होती. दार उघडून निर्मला बाहेर आली, तिने सगळीकडे नजर टाकली आणि म्हणाली, "कुरडया?"

मी गल्लीकडे बोट दाखवले. सिंहासनाच्या मखमलीचा रंग उतरून आत्याच्या नऊवारीला आणि माझ्या पांढऱ्या पायजम्याला लागला होता. बबनरावांनी रात्रभर पंखे लावून ते वाळवले. नवरीचा शालू लाल होता म्हणून लग्न निभावले, पण तेव्हापासून ते मला पाहिले की दुकानात आत जातात.

आत्याची गाडी त्या संध्याकाळी गेलीच नाही, रस्त्यावर झाडे पडली होती. लाइट आल्यावर मी कॅमेऱ्यातले कार्ड काढून संगणकात घातले. राणीचा एकच फोटो निघाला होता. तो पडद्यावर आला. निर्मला काही बोलली नाही, आणि ती माझ्या फोटोंवर बोलली नाही असे आजवर झालेले नव्हते.

आत्या पुढे वाकून किती तरी वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, "हे मी हाय."

"पण आत्या, भिंतीवर असा फोटो? डोक्यावर परात..."

"हार परातीले अडकन. तोंड झाकनार नाई." तिने हे आधीच पाहून ठेवले होते. मग तिने पडद्यावर खाली बोट ठेवले. "अन् हे काय हाय?"

मी पाहिले. फोटोच्या खालच्या कडेतून एक हात वर आला होता. नुसता हात. त्याने आत्याचा पाय घोट्यापाशी गच्च धरला होता.

"हा हात कोनाचा?" आत्याने विचारले.

"माझाच," मी म्हणालो. "कापून टाकतो आत्या. दोन मिनिटांचं काम आहे. खालून एवढी पट्टी काढली की झालं." एवढ्या खटाटोपानंतर मी तिच्या फोटोत नेमकी तीच गोष्ट आणून ठेवली होती, जी तिला नको होती.

आत्या पुन्हा फोटोकडे पाहत राहिली. "नोको कापू," ती म्हणाली.

"अगं, पण लोक विचारतील."

"विचारू दे. त्याईच्या खांद्यावर कोनाचा हात हाय, हे मले इतक्या वर्सात समजलं नाई. कोनी त होता न त्याईच्या जोडीले. माह्या फोटूत कोनाचा हाय, हे मले मालूम हाय. मी काहून एकटी राहू भिंतीवर?"

निर्मला चहा करायला म्हणून आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. मीही संगणकाची वायर तपासत बसलो.

दसऱ्याला मी पातूरला गेलो. अकोल्याहून करून आणलेल्या मोठ्या फ्रेममध्ये आत्या आतोबांच्या शेजारी लागली होती. हार एकदा घालून पाहिला म्हणाली, माप घेतल्यासारखा. परातीच्या काठावर नीट बसला. मग तिची सून ओरडली म्हणून काढून ठेवला. आत्या फोटोखालीच झेंडूची तोरणे ओवत बसली होती. तेवढ्यात गावातले एक गृहस्थ सोने द्यायला आले. त्यांनी सवयीने आतोबांना नमस्कार केला, मग शेजारच्या फोटोलाही हात जोडले, मग खाली बसलेली आत्या पाहून दचकले. सावरल्यावर त्यांनी तो प्रश्न विचारलाच.

"हा हात कोणाचा?"

आत्या याचीच वाट पाहत होती. तिने सुई बाजूला ठेवली. "हा? हा माह्या भाच्याचा. हा काय बसला, अमरावतीचा मास्तर. गारा पडल्या त भ्याला, मंग माहा पाय धरला. तुमाले चाय घ्याची का?"

गृहस्थांनी एकदा फोटोतल्या हाताकडे आणि एकदा माझ्या हाताकडे पाहिले. मी आपटा दुसऱ्या हातात घेतला.

माझी सारी नोकरी मुलांना हात काढायला शिकवण्यात गेली. चित्रात हातासारखे अवघड काही नाही, असे मी पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो. आता माझा स्वतःचा एक हात कायमचा भिंतीवर लागला आहे, आणि तोही हललेला आला आहे.